किडनीचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या मांजराला खायला काय द्यायचं, अगदी पिशवी निवडण्यापासून वाटी रिकामी होईपर्यंत

मांजर बारा-तेरा वर्षांचं होतं, पाण्याच्या भांड्याशी जास्त दिसायला लागतं, लिटर बॉक्समधले ओले गोळे मोठे मोठे निघायला लागतात, कुरवाळताना पाठीचा कणा हाताला लागतो, आणि मग एकदा ब्लड टेस्ट होते आणि डॉक्टर सांगतात की किडनीचा प्रॉब्लेम आहे. क्लिनिकमधून घरी पोचेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर तीन जणांनी सांगून झालेलं असतं की चिकन बंद करा, प्रोटीन पूर्ण बंद, दहीभात सुरू करा. हे कृपा करून करू नका. मांजर दहीभातावर जगणारा प्राणी नाही, त्याला प्राण्यांपासूनचं प्रोटीन लागतंच, ते बंद केलं की स्वतःचेच स्नायू जाळून ते दिवस काढतं आणि दोन महिन्यांत नुसता सापळा उरतो.

मी जो क्रम धरून चालते तो आधीच सांगून टाकते. एक, अन्न पोटात गेलं पाहिजे. दोन, त्यात फॉस्फरस कमी पाहिजे. तीन, पाणी भरपूर. प्रोटीन कमी-जास्त करणं हे चौथ्या नंबरवर. लोक नेमकं उलट्या टोकापासून सुरुवात करतात.

आधी रिपोर्ट नीट वाचा

"किडनी खराब आहे" एवढ्यावर फूड घ्यायला जाऊ नका, स्टेज विचारा. जगभर आयरिस नावाच्या संस्थेच्या स्टेज वापरतात. मांजरात क्रिएटिनिन (रक्तातली घाण, जी किडनीने गाळून टाकायची असते) १.६ च्या खाली असेल तर पहिली, १.६ ते २.८ दुसरी, २.९ ते ५ तिसरी आणि ५ च्या वर चौथी. सोबत एसडीएमए नावाची टेस्ट असते, ती किडनीचं काम कमी झालेलं क्रिएटिनिनच्या आधी दाखवते कारण क्रिएटिनिन वर जाईपर्यंत किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. अजून एक गोष्ट म्हणजे क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, त्यामुळे हडकलेल्या मांजरात ते खोटं कमी दिसू शकतं, "आकडा सुधारला" म्हणून खूश व्हायच्या आधी वजन बघा.

फूडसाठी रिपोर्टमधले हे चार आकडे कागदावर लिहून घ्या: फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम आणि लघवीतलं प्रोटीन, ज्याला यूपीसी म्हणतात. यूपीसी ०.४ च्या वर असेल तर लघवीतून प्रोटीन वाया जातंय. ब्लड प्रेशर पण मोजून घ्या, १६० च्या वर राहत असेल तर ते औषधाचं काम आहे, नुसत्या खाण्याने ते खाली येणार नाही.

किडनीचं खास फूड, म्हणजे पाकिटावर "रीनल" लिहिलेलं, साधारण दुसऱ्या स्टेजपासून सुरू करतात. पहिल्या स्टेजला बहुतेकांना चांगलं, फॉस्फरस फार नसलेलं ओलं फूड पुरतं. खूप लवकर एकदम कडक कमी-फॉस्फरसचं फूड सुरू केलं तर काही मांजरांचं कॅल्शियम वाढतं, म्हणूनच तर आता कंपन्या "अर्ली" लिहिलेली मधली फूड्स पण काढायला लागल्यात. कॅल्शियमचा आकडा लिहून घ्या म्हटलं ते याच्यासाठी.

फूड बदलायच्या आधी मळमळ थांबवा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग म्हणतात आमची मनी रीनल फूड खातच नाही. किडनी नीट काम करत नसली की रक्तात घाण साठते, मळमळतं, तोंडात फोड येऊ शकतात. अशा अवस्थेत पुढ्यात नवीन फूड ठेवलं तर मांजराच्या डोक्यात फिट बसतं की ह्या वासाचं खाल्लं की पोट ढवळतं, आणि मग बरं वाटायला लागल्यावरसुद्धा ते त्या फूडकडे ढुंकून बघत नाही. म्हणूनच अ‍ॅडमिट असताना, सलाइन चालू असताना रीनल फूडची ओळख करून द्यायची नाही. तेव्हा जे आवडतं ते द्या.

मळमळ ओळखायची कशी? मांजर वाटीपर्यंत येतं, वास घेतं, ओठ चाटतं, एकदा आवंढा गिळतं आणि मागे फिरतं. आमचा बोका तर वाटीशेजारची फरशी पंजाने खरवडायचा, शी झाकताना करतो तसं, आणि शांतपणे जाऊन फ्रिजच्या मागे बसायचा. भूक होती म्हणून तर वाटीपर्यंत आला ना, तेव्हा याला नखरे म्हणू नका. लाळ गळणं, दात करकर वाजवणं, सकाळी रिकाम्या पोटी पिवळी-पांढरी उलटी, हे पण त्यातलंच. डॉक्टरांकडे मॅरोपिटंट, ऑन्डान्सेट्रॉन अशी उलटीची औषधं असतात आणि भूक वाढवायला मिर्टाझापीन असतं. यातली काही माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतात म्हणून आपल्या मनाने देऊ नका, किडनीच्या मांजराला डोस वेगळा आणि अंतर जास्त असतं.

आणि एक लक्ष्मणरेषा: मांजर पूर्ण दोन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः ते जाड असेल तर, लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते आणि तो किडनीपेक्षा घाईचा प्रश्न होऊन बसतो. "भूक लागली की खाईल झक मारत" हे मांजराच्या बाबतीत चालत नाही.

फॉस्फरसचं एवढं काय

निरोगी किडनी जादा फॉस्फरस लघवीतून टाकून देते. आजारी किडनीला ते जमत नाही, मग ते रक्तात साठतं, शरीर त्याला आवरायला हार्मोन सोडतं, हाडांतून कॅल्शियम निघतं आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे कण किडनीतच साचून उरलेलं कामही बंद पाडायला लागतात. सुरुवातीच्या स्टेजला रक्तातलं फॉस्फरस ४.६ च्या खाली ठेवायचं टार्गेट असतं, तिसऱ्या स्टेजला ५ च्या खाली, चौथ्या स्टेजला ६ च्या खाली आलं तरी खूप. लॅबच्या कागदावर नॉर्मल रेंज याहून वरपर्यंत छापलेली असते, तिच्यावर जाऊ नका.

सन २००० मध्ये ब्रिटनमधल्या ५० मांजरांचा एक अभ्यास छापून आला होता. ज्यांनी कमी फॉस्फरस, कमी प्रोटीनचं फूड खाल्लं त्यातली निम्मी निदानानंतर ६३३ दिवसांहून जास्त जगली आणि ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यात हाच आकडा २६४ दिवस होता. आता यात एक मेख आहे, दुसऱ्या गटात होती ती ते फूड न खाणारी मांजरं, म्हणजे काही आधीच जास्त आजारी असू शकतात. पण २००६ मध्ये अमेरिकेत ४५ मांजरांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं आणि दोन वर्षं बघितलं, त्यातही रीनल फूडवाल्या गटात किडनीमुळे एकही मांजर गेलं नाही, साध्या फूडच्या गटात गेली. किडनीच्या आजारात खाण्याइतका भक्कम पुरावा फार कमी गोष्टींना आहे.

पिशवीवरचे आकडे कसे वाचायचे

इथे जरा वेळ द्या. साध्या फूडच्या पाकिटावर बऱ्याचदा फॉस्फरस लिहिलेलंच नसतं. कंपनीला ईमेल टाका, चांगल्या कंपन्या सांगतात. नाही सांगितलं तर ते फूड आपल्यासाठी नाही.

आता समजा आकडा मिळाला. पाऊचवर लिहिलंय फॉस्फरस ०.२५ टक्के, ड्राय फूडच्या पिशवीवर ०.५ टक्के. बघताक्षणी पाऊच अर्ध्याने चांगला वाटतो. पण पाऊचमध्ये ८० टक्के पाणी आहे, खरा माल २० टक्केच. म्हणून ०.२५ भागिले २०, गुणिले १००, उत्तर १.२५ टक्के. ड्राय फूडमध्ये पाणी ८ टक्के, माल ९२ टक्के, म्हणजे ०.५ भागिले ९२, गुणिले १००, साधारण ०.५४. म्हणजे पाऊचमध्ये दुपटीहून जास्त निघालं! रीनल फूडमध्ये हा पाणी वजा केलेला आकडा साधारण ०.३ ते ०.६ असतो, मोठ्या मांजरांच्या साध्या फूडमध्ये १ च्या आसपास किंवा त्याच्या वर.

कॅलरीवरून काढलं तर अजून बरं. फॉस्फरस १०० ग्रॅममध्ये ०.१२ ग्रॅम आणि कॅलरी १०० ग्रॅममध्ये ९० असतील तर ०.१२ भागिले ९०, गुणिले १०००, म्हणजे हजार कॅलरीमागे १.३ ग्रॅम. दीड ग्रॅमच्या खाली असलं की कामाचं, अडीच-तीनच्या वर गेलं की ठेवून द्या.

मग घटकांची यादी वाचा. सोडियम फॉस्फेट, पोटॅशियम फॉस्फेट, सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट, फॉस्फोरिक अ‍ॅसिड असं काही दिसलं तर नको. मांसातलं फॉस्फरस थोडंफार न शोषता निघून जातं, ही केमिकलवाली पटकन रक्तात जातात आणि किडनीला जास्त जड पडतात. ग्रेव्हीवाल्या आणि जेलीवाल्या पाऊचमध्ये ही बरीच असतात.

दुकानात होणारे तीन घोटाळे पण सांगून ठेवते. "सीनिअर" किंवा "७+" लिहिलं म्हणजे फॉस्फरस कमी असतंच असं नाही. "युरिनरी" हे "रीनल" नाही, युरिनरी फूड खड्यांसाठी असतं, ते लघवी आम्लधर्मी करतं, किडनीच्या मांजराला ते उलटं पडू शकतं, आणि दुकानदार सर्रास एकाच्या जागी दुसरं हातात देतो. आणि कुत्र्यांचं रीनल फूड मांजराला नाही म्हणजे नाही, त्यात मांजराला पुरेल एवढं प्रोटीन आणि टॉरिन (मांजराला अन्नातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल) नसतं.

आपल्याकडे मिळतं काय

भारतात रॉयल कॅनिनचं रीनल, हिल्सचं के/डी आणि फार्मिनाचं व्हेट लाइफ रीनल ही नावं कानावर येतात. माझं मत म्हणाल तर ब्रँडवरून भांडत बसण्यात अर्थ नाही, जे तुमचं मांजर महिनोन् महिने खाईल ते तुमचं ब्रँड. एकाच कंपनीत दोन-तीन चवी असतात, चिकनची नाही आवडली तर फिशची बघा, ड्राय नाही आवडलं तर पाऊच बघा. या फूड्समध्ये नुसतं फॉस्फरस कमी नसतं, पोटॅशियम आणि बी व्हिटॅमिन वाढवलेली असतात, माशाच्या तेलातलं ओमेगा-३ असतं, कॅलरी दाट असतात कारण मांजर थोडंच खाणार हे गृहीत धरलेलं असतं. प्रोटीन पण अगदी नसतं असं नाही, पाणी वजा करून २८ ते ३५ टक्के असतं.

मोठी पोती आधीच घेऊ नका, सगळ्यात लहान पिशवी आणि दोन-तीन पाऊच घ्या.

बदल हळू, आणि दोन वाट्यांत

बहुतेक ठिकाणी सांगतात की जुन्यात नवीन मिसळा, २५ टक्के, ५० टक्के वगैरे. कुत्र्याला चालतं. मांजर पुष्कळदा मिसळलेलं बघून दोन्ही सोडतं. त्यापेक्षा दोन वाट्या ठेवा, एकीत नेहमीचं, शेजारी चमचाभर नवीन. काही दिवस नुसता वास घेऊ दे. मग नवीन वाढवत, जुनं कमी करत जा. तीन-चार आठवडे लागले तरी चालतील, काहींना दोन महिने लागतात, जन्मभराचं खाणं बदलतोय आपण, घाई कशाला.

ओलं फूड फ्रिजमधून काढून तसंच देऊ नका, थंड फूडला वास येत नाही आणि म्हाताऱ्या मांजराचं नाक आधीच मंद झालेलं असतं. पाऊच गरम पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं बुडवून ठेवा, हाताला कोमट लागलं की द्या. वाटी पसरट घ्या, मिश्या कडेला घासल्या की काहींना आवडत नाही, आणि मान दुखत असेल म्हणून पाटावर वगैरे थोडी उंच ठेवा. वरून आमिष म्हणून चिकन उकडलेलं पाणी चमचाभर घालता येतं, त्यात मीठ, हळद, कांदा, लसूण काहीच नको. कांदा-लसूण तर विषच आहे मांजराला, रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि किडनीच्या मांजराला रक्त बऱ्याचदा आधीच कमी असतं.

अर्धंच रीनल फूड खाल्लं तर? अर्धं तर अर्धं. काहीच नाही त्यापेक्षा कितीतरी बरं, उरलेल्या अर्ध्यासाठी साध्या बाजारातल्या फूडपैकी कमी फॉस्फरसवालं वरच्या गणिताने शोधा. आणि तरी रक्तातलं फॉस्फरस उतरत नसेल तर डॉक्टर बाइंडर देतात, ती पावडर जेवणातलं फॉस्फरस पोटातच धरून ठेवते, म्हणून ती जेवणातच मिसळायची, रिकाम्या पोटी दिली तर काही उपयोग नाही.

घरचं करून घालायचं असेल तर

आपल्याकडे हा प्रश्न येणारच, कारण रीनल फूड महाग आहे आणि निम्म्या घरांत मांजर मच्छीवर वाढलेलं असतं. नुसतं उकडलेलं चिकन म्हणजे पूर्ण आहार नव्हे. त्यात फॉस्फरस आहे पण कॅल्शियम जवळजवळ नाही, आणि ते जितकं उकळून पाणी फेकाल तितकं टॉरिनही पाण्यात जातं, टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय आणि डोळे जातात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या किडनीच्या कुत्र्या-मांजरांसाठीच्या घरगुती रेसिपी तपासल्या, त्यातली एकही सगळी पोषणतत्त्वं पुरवणारी निघाली नाही. त्यामुळे घरचंच करायचं असेल तर पशु-आहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून तुमच्या मांजराच्या रिपोर्टवरून ग्रॅममध्ये लिहिलेली रेसिपी घ्या, त्यात कॅल्शियम, टॉरिन, व्हिटॅमिन किती घालायचं ते असलंच पाहिजे.

नुसतं वरखाणं म्हणून, म्हणजे दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शापर्यंत, काय चालतं ते बघा. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग उत्तम, प्रोटीन चांगलं आणि फॉस्फरस नगण्य, पिवळा बलक मात्र काढून टाका, जवळजवळ सगळं फॉस्फरस त्यात असतं. पाणी फेकलेलं उकडलेलं चिकन दोन-चार तुकडे. काटे काढलेला ताजा मासा कधीतरी. सुके बोंबील, सुकट, जवळा नको, मीठही आहे आणि हाडाकाट्यांसकट फॉस्फरसही. कलेजी नको, फॉस्फरस आणि व्हिटॅमिन ए दोन्ही जास्त. मांदेली-तारली काट्यांसकट नको. दूध, चीज, पनीर नको. कॉड लिव्हर ऑइल म्हणजे साधं माशाचं तेल नाही, त्यात ए आणि डी व्हिटॅमिन असतात, ते देऊ नका. शेजारच्या काकूंनी सांगितलेलं नारळपाणीसुद्धा पोटॅशियमचा रिपोर्ट बघितल्याशिवाय नको. किडनीच्या मांजरांत पोटॅशियम सहसा कमी पडतं, मान खाली झुकते, मागचे पाय लुळे वाटतात, पण शेवटच्या स्टेजला तेच वाढलेलंही असू शकतं.

पाणी

ओलं फूड हाच पाणी पाजायचा सगळ्यात सोपा मार्ग, वर अजून दोन चमचे कोमट पाणी घालून सरबरीत करा. जन्मभर कोरडं खाल्लेलं मांजर ओल्याला तोंड लावत नसेल तर जबरदस्ती नको, कोरडं रीनल फूड खाऊ दे आणि घरात तीन-चार ठिकाणी पाणी ठेवा, खाण्याच्या वाटीपासून आणि लिटरपासून लांब. रुंद काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं, काठोकाठ भरलेलं. पाणी कधीही उचलून ठेवू नका, रात्री फार लघवी करतो म्हणून भांडं उचलणारे लोक आहेत.

वजनकाटा

लहान बाळाचा डिजिटल काटा घ्या, दर आठवड्याला एकाच दिवशी वजन आणि तारीख लिहा. ४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो, हाताने उचलून ते कळत नाही. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, पाकिटावर कॅलरी बघून तेवढं पोटात जातंय का मोजा. वजन उतरत असेल तर "रीनल आहे म्हणून हेच" असा हट्ट धरू नका, डॉक्टरांशी बोलून जास्त प्रोटीनचं, फॉस्फरस मध्यम असलेलं फूड आणि सोबत बाइंडर असं करता येतं. अगदीच खात नसेल तर मानेतून फीडिंग ट्यूब बसवतात, ऐकायला भयंकर वाटतं पण मांजरं ती मजेत वागवतात आणि औषधंही त्यातूनच जातात.

नवीन फूड पूर्ण सुरू झाल्यावर महिनाभराने परत ब्लड टेस्ट, फॉस्फरस आणि कॅल्शियम बघायला, मग सगळं ठीक असेल तर दर तीन महिन्यांनी. खर्चाचं ओझं असेल तर मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारखे पर्याय आहेत, रांगेची तयारी ठेवून जा.

घरात अजून मांजरं असतील तर वाट्या दिवसभर भरून ठेवणं बंद करा, वेळेवर वाढा, दारं लावून वेगवेगळ्या खोल्यांत. तरुण मोठ्या मांजराने रीनल फूडचे दोन दाणे खाल्ले तर काही होत नाही, पिल्लाला मात्र ते चालत नाही. उलट बाजूने जास्त जपा, म्हातारा बोका हळूच पिल्लाच्या वाटीत तोंड घालतो आणि किटन फूडमध्ये फॉस्फरस भरपूर असतं.

फूड इंपोर्टेड असलं की मध्येच स्टॉक संपतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांचं जास्तीचं घरात असू द्या, पण एकदा फोडलेली ड्राय पिशवी महिन्याभरात संपेल एवढीच घ्या. पावसाळ्यात मुंबई-कोकणात दाणे दोन दिवसांत मऊ पडतात आणि चरबीला खवट वास येतो, जो आपल्याला येत नाही पण मांजराला येतो, आणि आपण समजतो की फूडचा कंटाळा आला. पिशवी तशीच हवाबंद डब्यात ठेवा, दाणे डब्यात ओतू नका, म्हणजे बॅच नंबर आणि तारीखही हाताशी राहते. उघडलेला पाऊच फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस टिकतो, आणि वाटीत काढलेलं ओलं फूड मे महिन्याच्या उकाड्यात तासाभराने फेकून द्या.